हात मागे, डोळे पुढे

१ जुलै, सकाळ

संकल्प. यंदा लॅबमध्ये सगळं मुलांच्या हातून. मी फक्त बघायचं. वायरीला बोट लावायचं नाही, मध्ये तोंड घालायचं नाही.

कारण असं की काल प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य माझाच विद्यार्थी. मी केबिनमध्ये गेले की अजून खुर्चीतून अर्धा उठतो, मग आपण कोण ते आठवून बसतो. म्हणाला, मॅडम, तुमच्या मशीन्स लॅबची जागा कॉम्प्युटरवाल्यांना हवी आहे, हल्ली सगळे प्रयोग स्क्रीनवर होतात, मोटरसुद्धा स्क्रीनवर फिरते. मी विचारलं, तेलाचा वास येतो का स्क्रीनला. तो हसला नाही. म्हणाला, डिसेंबरात तपासणी समिती येते आहे. मुलं खरोखर हाताने काम करताना त्यांना दिसली तर लॅब राहील. नाहीतर मला काही करता येणार नाही.

मला काळजी नाही. अख्ख्या कॉलेजात हाताने शिकवणारी मी एकटीच. बाकीचे फळ्यावर मोटर काढतात, तीसुद्धा गोल नसते.

स्वयंपाकघरातली ट्यूब गेली. उद्या बदलेन.

३ जुलै

नवी ट्यूब आणली. लावता आली नाही, कारण टेस्टर सापडत नाही. ह्यांचा टेस्टर, हिरव्या मुठीचा. त्याच्याशिवाय या घरात विजेचं काम कधी झालेलं नाही.

वन्सं म्हणाल्या, ट्यूब बदलायला टेस्टर कशाला लागतो गं, आणि तू तर विजेची प्रोफेसर. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. हे गेल्यापासून माझ्याकडे राहतात. भावजय एकटी पडली म्हणून आले, असं त्या लोकांना सांगतात. त्यांचे गुडघे गेलेत म्हणून मी ठेवून घेतलंय, असं मी सांगते. दोघींचं बरं चाललंय.

त्यांना समजावलं की शास्त्र वेगळं आणि घर वेगळं. हे असताना मी नुसती स्टुलाजवळ गेले तरी म्हणायचे, तू सर बाजूला, मी करतो. मायेचा माणूस. आमच्या संसारात मला एकदाही शॉक बसला नाही.

८ जुलै, दुपार

पहिलं प्रॅक्टिकल. बॅच शांत आहे. आल्या आल्या नियम सांगितला: टेबलापासून वीतभर लांब, हात मागे, डोळे पुढे.

नियम मूळचा माझा नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरचा. विज्ञानाच्या खोलीत शिरताना आम्ही सगळ्या मुली हात मागे बांधायचो. सिस्टर काचेच्या कपाटातून प्रिझम काढायची, निळ्या मखमलीवर ठेवायची आणि खिडकीतल्या उन्हात अलगद धरायची. भिंतीवर सात रंग. आम्ही श्वास रोखून बघायचो. मग ती प्रिझम पुसून परत कपाटात ठेवायची, किल्ली कमरेला. माझ्या सगळ्या शाळेच्या वर्षांत एकही प्रिझम फुटला नाही. तशी शिस्त आता राहिली नाही, तसं ऊनही राहिलं नाही. तो प्रिझम हातात किती जड लागत असेल, एवढंच मधूनमधून मनात येतं.

संकल्प पुढच्या आठवड्यापासून. आधी नीट बघितल्याशिवाय मुलं करणार काय. आज मोटर मी चालवून दाखवली. रीडिंग्ज मुलांनी घेतली. स्वतःच्या हाताने लिहिली, हे इथे नोंदवायला हवं.

१५ जुलै

संकल्प सुरू. मुलांना म्हटलं, आज वायरी तुम्ही जोडायच्या. ती एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी एकाने लाल वायर उचलली, शेपटीला धरून उंदीर उचलावा तशी. वायर धरायची एक रीत असते. त्याच्या हातातून घेऊन दाखवली. दाखवता दाखवता सगळी जोडणी पूर्ण झाली. आता सोडवून पुन्हा त्यांना द्यायची तर तास गेला असता.

मुलं म्हणाली, मॅडम, तुमचा हात काय भराभर चालतो. सुरुवात तर चांगली झाली.

ट्यूब राहिली. पॅसेजमधल्या दिव्याचा उजेड स्वयंपाकघरात बऱ्यापैकी येतो.

२९ जुलै

माझी चूक लक्षात आली. हाताने का करायचं हेच मुलांना माहीत नाही, मग ती करतील कशी. आधी पाया पक्का हवा. म्हणून स्लाइड्स केल्या आहेत. विषय: स्वतः करून शिकण्याचं महत्त्व. जमेल तितकी चित्रं घातली आहेत. एका स्लाइडवर नुसता मोठा पंजा आहे, तो सरकत सरकत मध्ये येतो.

आज पहिला भाग झाला. मुलं लॅबमध्ये मोटरकडे पाठ करून बसली होती, कारण पडदा त्या बाजूला आहे. होयबा मागच्या जनरेटरला टेकून झोपला. होयबा म्हणजे आमचा लॅब असिस्टंट. भला माणूस, कधी नाही म्हणत नाही. उठवून विचारलं, कसं वाटलं. म्हणाला, होय मॅडम.

१२ ऑगस्ट

या बॅचमध्ये एक मुलगी आहे. मी तिला मनात चुळबुळी म्हणते. हात मागे बांधते, पण मागे तिची बोटं चालू असतात. मला कपाटाच्या काचेत दिसतात.

आज विचारलं, मॅडम, मी करू का. म्हटलं, जरूर, पुढच्या वेळी. मग विचारलं, ही वायर इथे न लावता तिथे लावली तर काय होईल. म्हटलं, तिथे लावायची नसते. म्हणाली, हो, पण लावली तर. म्हटलं, म्हणूनच लावायची नसते.

उत्तर समाधानकारक होतं. निदान मला तरी.

१९ ऑगस्ट, दुपार

व्हायचं तेच झालं. मी दारात फोनवर बोलत होते, तेवढ्यात चुळबुळीने ती वायर तिथे लावली. फट्. लॅबमध्ये अंधार. मुलं हसली, चांगली खळखळून. या लॅबमध्ये इतकं हसणं मी याआधी ऐकलेलं नाही.

चुळबुळी घाबरलेली नव्हती. फ्यूज काढून खिडकीशी नेऊन बघत होती. म्हणाली, मॅडम, बघा ना, बरोबर मधोमध वितळली आहे, कडेला का नाही वितळली. मी फ्यूज तिच्या हातातून घेतली. तिला आता रीडिंग्ज लिहिण्याचं काम दिलं आहे. जबाबदारीचं काम आहे. ती हो म्हणाली, पण हो म्हणताना फ्यूजकडेच बघत होती.

नवी तार मी घातली. होयबाने टॉर्च धरला.

घरी वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, तिकडची फ्यूज बरी पटकन घातलीस. म्हटलं, तिकडे टेस्टर आहे.

२ सप्टेंबर

एक चांगली युक्ती सुचली. मुलांचा वेळ वायरी शोधण्यात जातो. म्हणून आता सगळ्या टेबलांवर कायमची जोडणी करून टाकली आहे. स्क्रू घट्ट, वर पांढरी टेप. लॅब इतकी सुबक कधीच दिसली नव्हती. मुलांनी फक्त बटण दाबायचं. म्हणजे हाताने करण्यातला कंटाळवाणा भाग गेला आणि हाताने करणं तेवढं उरलं.

बटण सध्या होयबा दाबतो. सुरक्षेसाठी.

१४ सप्टेंबर

हे गेले त्याला आज वर्ष झालं.

सकाळी उठले. वन्सं रडल्या. मी त्यांना चहा करून दिला. माझा प्यायले की नाही आठवत नाही. काही वाटेल म्हणून वाट बघितली, वाटलं नाही. सुट्टी काढली होती, तरी कॉलेजात गेले. लॅब उघडली. मोटर चालू केली आणि तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले. ती एका लयीत घुमत राहते. तो आवाज असला की डोक्यात दुसरं काही येत नाही. घरी असा आवाज कुठे मिळतो. फ्रीजचा आहे, पण तो मध्येच बंद पडतो.

होयबा डोकावला. म्हणाला, मॅडम, आज प्रॅक्टिकल आहे का. म्हटलं, हो. म्हणाला, होय मॅडम, आणि दार लावून घेतलं.

७ ऑक्टोबर

प्राचार्य लॅबमध्ये येऊन गेला. मुलं वीतभर लांब, हात मागे, एका ओळीत. बघून म्हणाला, मॅडम, अजून तस्संच आहे सगळं. मी धन्यवाद म्हटलं. तो काही तरी बोलणार होता, पण मोटर चालू होती. जाताना म्हणाला, मॅडम, डिसेंबर जवळ आला. मुलांना जरा करू द्या.

करू देतेच आहे. याला कुणी तरी माझ्याविरुद्ध सांगितलेलं दिसतं.

१८ नोव्हेंबर

समितीसाठी रंगीत तालीम. कुणी कुठे उभं राहायचं, बटण कुणी दाबायचं, मोटरवर भार टाकणारा ब्रेकचा पट्टा कुणी आवळायचा, सगळं नेमून दिलं. चुळबुळीला खिडकीजवळ ठेवलं आहे, तिथून तिला छान दिसेल. तीन वेळा तालीम घेतली. तिन्ही वेळा ब्रेकचा पट्टा मीच आवळला, कारण तो मुलगा फार हळू आवळतो. समितीसमोर त्याला करू देणार आहे. त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, मॅडम, मग आज एकदा करून बघू का. म्हटलं, आज नको, उगाच पट्टा झिजेल.

वन्संनी काल अंधारात दुधात साखरेऐवजी मीठ घातलं. मी प्यायले. वन्संनी विचारलं, कसं लागलं. म्हटलं, ठीक. मग त्यांनी स्वतः घोट घेतला. म्हणाल्या, अगं, मीठ आहे हे. तुला कळलं नाही?

ट्यूब डिसेंबरनंतर. एका वेळी एकच काम.

८ डिसेंबर, सकाळ

आज समिती. ठेवणीतली साडी. मन शांत आहे. एक शब्द बोलणार नाही. मुलांच्याच हातून.

८ डिसेंबर, संध्याकाळ

एकंदरीत चांगलं झालं. क्रमाने लिहिते.

समितीत तिघं होती. दोघांनी खुर्च्या पकडल्या आणि बिस्किटं खाल्ली. तिसरे बारीक गृहस्थ. आल्या आल्या कोट काढून जनरेटरवर टाकला आणि सगळ्याला हात लावत सुटले. मोटरला हात, स्टार्टरला हात, मीटरच्या काचेवर टिचकी. मला त्यांचं वागणं जरा मोकाट वाटलं.

मुलांचा प्रयोग सुरू होणार तेवढ्यात म्हणाले, थांबा. आणि माझी पांढरी टेप सोलायला लागले. सगळ्या वायरी काढल्या, गुंडाळी करून टेबलावर ठेवली. म्हणाले, हं, आता जोडा कुणी तरी.

मुलं एका ओळीत, हात मागे. कुणी हललं नाही. दृश्य म्हणून फार छान होतं. गृहस्थांनी विचारलं, प्रार्थना वगैरे चालू आहे का. एक मुलगा म्हणाला, नाही सर, मॅडमचा नियम आहे. गृहस्थ माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

मग खिडकीजवळून चुळबुळी पुढे आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. वायर तिने नीट धरली. कुठे पाहून शिकली कोण जाणे. पहिली वायर बरोबर. दुसरी बरोबर. बिस्किटवाल्यांनीसुद्धा खाणं थांबवलं. प्राचार्य दारात उभा होता, तो एक पाऊल आत आला. तिसऱ्या वायरीला तिने ॲमीटरऐवजी व्होल्टमीटर जवळ ओढला.

मी हात मागे बांधले होते. खरंच बांधले होते, बोटांत बोटं घालून. मग बघते तर वायर माझ्या हातात होती. चुळबुळीचा हात तसाच हवेत.

मग मध्येच सोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून उरलेली जोडणी करून टाकली. स्टार्टर फिरवला. मोटर इतकी गोड घुमली की काय सांगू. मी सगळ्यांना तो आवाज ऐकायला सांगितलं.

गृहस्थांनी ऐकला. मग म्हणाले, मॅडम, तिने तसं जोडलं असतं तर काय झालं असतं. म्हटलं, मोटर फिरली नसती. म्हणाले, जळली असती? म्हटलं, नाही, नुसती फिरली नसती. म्हणाले, मग?

मी त्यांना चहा विचारला.

९ डिसेंबर

कालच्याबद्दल थोडं. मी केली ती मदत होती. चार लोकांत मुलीची चूक उघडी पडली असती, ती मी झाकली. आईसारखंच की ते. चुळबुळी आज लॅबमध्ये आली, रीडिंग्जची वही उघडून बसली आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत काही विचारलं नाही. बोटंही चालू नव्हती, मी काचेत बघितलं. शिस्त लागते आहे.

५ जानेवारी

प्राचार्याने बोलावलं. आज तो पूर्ण उठला आणि बसलाच नाही. म्हणाला, समितीने तुमचं कौतुक केलंय मॅडम, लिहिलंय की शिक्षिका स्वतः प्रयोग उत्तम करतात. मला बरं वाटलं. मग म्हणाला, लॅब याच महिन्यात रिकामी करायची आहे. तुम्हाला कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये टेबल देतो, खिडकीजवळचं.

मी बरं म्हटलं. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला. म्हणाला, मॅडम, रागावू नका, तुमच्या लॅबमध्ये मीसुद्धा कधी वायर जोडली नाही. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर फजिती झाली. पण त्या मोटरचा आवाज अजून आठवतो. मी म्हटलं, आठवणारच, आवाज चांगला आहे.

बाहेर आल्यावर जिना उतरायच्या ऐवजी चढले. वरच्या मजल्यावर गेल्यावर लक्षात आलं.

१६ जानेवारी

मशीन्स भंगारात जाणार आहेत. एकच मोटर ठेवणार, खाली प्रवेशद्वाराशी शोभेला.

चुळबुळी स्टाफरूममध्ये आली. समितीनंतर पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, मॅडम, जाणारच आहेत तर एक मोटर उघडून बघू का. आता बिघडली तरी काय बिघडलं. आत तांब्याचं वेटोळं कसं असतं ते मी फक्त चित्रात बघितलंय.

मुद्दा बरोबर होता. म्हटलं, विचारून सांगते.

१७ जानेवारी

कुणाला विचारायचं ते ठरवत होते, तेवढ्यात सकाळीच गाडी येऊन मशीन्स घेऊन गेली. लॅबच्या फरशीवर मोटरींच्या पायांचे चौकोन उरलेत, फिकट. चुळबुळी दारातून बघून गेली. मी हाक मारली. कशासाठी मारली ते आठवेना, तेव्हा म्हटलं, जर्नल वेळेवर दे. ती म्हणाली, हो मॅडम.

२० जानेवारी

शोभेची मोटर काचेच्या पेटीत बसवली. होयबाने पितळी भाग लखलखीत घासले आहेत. पेटीवर पाटी हवी होती. प्राचार्य म्हणाला, मॅडम, तुमचं अक्षर कॉन्व्हेंटचं, तुम्हीच लिहा.

पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने लिहिलं: कृपया हात लावू नये. अक्षर खरंच सुरेख आलं आहे. मुलं येता-जाता थांबतात, बघतात, पुढे जातात. दोघातिघांनी हात मागे बांधलेले होते. माझीच मुलं असणार.

२४ जानेवारी, संध्याकाळ

हल्ली घरी लवकर येणं होतं. वन्सं पॅसेजच्या उजेडात ताट मांडीवर घेऊन भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, आज त्या ट्यूबचं काय ते कर बाई, मला अळ्या दिसत नाहीत. म्हटलं, टेस्टर. म्हणाल्या, टेस्टर गेला खड्ड्यात. गुडघे असते तर मीच चढले असते आणि तुला सर बाजूला म्हटलं असतं. नाहीत, ते बरंच झालं.

स्टूल आणलं. मेन स्विच बंद केला. वन्सं उठून आल्या आणि अंधारात स्टूल धरून उभ्या राहिल्या. विचारलं, कुठल्या बाजूला फिरवू. म्हणाल्या, मला काय माहीत, फिरव कुठेही.

चढले. पॅसेजच्या खिडकीतून रस्त्यावरचा थोडा उजेड येत होता. ट्यूब धरली. थंड होती, धुळीने मखमलीसारखी लागत होती. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी. फिरवली, जराशी फिरली आणि अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. जोर लावायचा धीर झाला नाही. खालून वन्संनी विचारलं, काय गं. म्हटलं, थांबा, बघते.

बघायला म्हणून मान वळवली तर फ्रीजचं डोकं दिसलं. इतक्या उंचीवरून मी ते कधी बघितलेलं नव्हतं. वर बोटभर धूळ आणि धुळीत ह्यांचा टेस्टर, हिरवी मूठ माझ्याकडे करून. ह्यांनी काम करून उतरताना ठेवला असणार, पुन्हा चढल्यावर लगेच हाताशी यावा म्हणून. बराच वेळ तशीच उभी राहिले असेन, कारण वन्सं म्हणाल्या, उतर आता, माझे पाय भरून आले.

उतरले. वन्संना म्हटलं, जमत नाही, उद्या कुणाला तरी बोलावू. मेन चालू केला.

ट्यूब लागली. जुनीच. सैल झाली होती, इतकंच.

वन्संनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, म्हणजे जुलैपासून नुसता हात... आणि थांबल्या. मग ताट घेऊन आत येऊन बसल्या आणि भाजी निवडायला लागल्या. त्यांना चार अळ्या सापडल्या. मला दाखवल्या, मी बघितल्या.

नवी ट्यूब वेष्टनासकट कपाटामागे ठेवली. टेस्टर वरच आहे. उद्या काढेन.